गणिताला सर आहेत की टीचर?

नवीन वर्ग सुरू व्हायची वेळ आली की (आता २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात) गेटपाशी, बसस्टॉपवर, बाजारात मासळी घेताना पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "टीचर, नववीक गणिताक सर आसात मू?" विचारणारी बहुतेक वेळा मुलीची आई असते. नववीचं गणित मीच घेते म्हटलं की तिचा चेहरा जरासा पडतो आणि मग ती घाईघाईने सांगते की तसं नाही हो टीचर, तुम्ही पण बरं शिकवता, पण गणित म्हणजे कसं, सर असले की मुलांना धाक असतो. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात बरीच वर्षं गणित शिकवतेय आणि तरीही मला या आयांचा राग येत नाही. त्यांच्या वेळी गणिताला सर होते, सायन्सला सर होते, मराठी-हिंदीला बाई होत्या, ट्यूशनला गेल्या त्या पण सरांकडेच, मग त्यांनी दुसरं काय विचारावं? पण प्रश्न सरळ आहे आणि त्याचं उत्तर पण सरळ मिळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. शिकवणारा पुरुष आहे की बाई यावर मुलांचं शिकणं ठरतं का?

स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की लगेच रिझल्ट काढले जातात. अमक्या सरांच्या वर्गाचा रिझल्ट शंभर टक्के, अमक्या टीचरांचा ब्याण्णव. आता ज्यांनी शाळा आतून बघितलीय त्यांना माहीत आहे की सिनियर सरांना ए डिव्हिजन मिळते, ए डिव्हिजनला कोण असतं तर ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कोणीतरी आहे, ज्यांची ट्यूशन पाचवीपासून चालू आहे ती मुलं, आणि सी डिव्हिजन बहुतेक वेळा नवीन लागलेल्या टीचरच्या गळ्यात पडते. मग रिझल्ट बघून सर चांगले की टीचर चांगल्या हे ठरवण्यात काय अर्थ आहे? तुलना करायची तर कुठल्या मुलाला कोण शिकवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं पाहिजे, आणि अभ्यासक्रम आणि परीक्षा सगळ्यांना एकच पाहिजे.

तशी एक जागा सापडली ती अमेरिकेत, त्यांच्या एअर फोर्स अकॅडमीत. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना प्रोफेसर निवडता येत नाही, कोणाच्या वर्गात जायचं ते वरून ठरतं आणि पेपर सगळ्यांना सारखा. स्कॉट कॅरेल, मॅरियन पेज आणि जेम्स वेस्ट या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी तिथला डेटा घेऊन २०१० मध्ये जे छापलं ते मी किती जणांना सांगितलं असेल, की शिकवणारी बाई आहे की पुरुष याने मुलग्यांना फारसा काही फरक पडला नाही, पण गणित आणि सायन्सला बाई प्रोफेसर मिळालेल्या मुलींचे मार्क वाढले, त्यांचं पुढे सायन्स-इंजिनियरिंगलाच टिकायचं प्रमाण वाढलं, आणि ज्या मुली आधीपासून गणितात पक्क्या होत्या त्यांच्या बाबतीत तर मुलगे आणि मुली यांच्यातली दरी जवळजवळ मिटलीच. म्हणजे जी आई आपल्या हुशार मुलीसाठी सर मागते तिला मी हेच सांगते, की तिच्या मुलीचा फायदा कदाचित उलट बाजूला आहे.

अमेरिकेचं सोडा असं कोणी म्हणेल, तर आपल्याकडचं बघा. कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ या अभ्यासकांनी आंध्र प्रदेशच्या खेड्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळांमधली मुलं पाच वर्षं तपासली. त्यांना दिसलं की मुली पहिलीत मुलग्यांच्या बरोबरीने किंवा पुढेसुद्धा असतात आणि मग वर्षागणिक हळूहळू मागे पडत जातात, आणि हे मागे पडणं बाई शिकवायला असली की कमी होतं. मुलग्यांचं काही नुकसान होत नाही. फरक केवढा, तर वर्षाला स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (मुलांचे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ०.०३६ इतका, म्हणजे एका वर्षाच्या मार्कलिस्टमध्ये दिसणार पण नाही एवढा बारीक, पण मुलीचं मागे पडणं पण असंच बारीक बारीक साठत जातं ना, कुठल्या एका दिवशी ती गणितात कच्ची होत नाही.

आणि हा फायदा सगळीकडे मिळतोच असंही नाही. नुसती बाई उभी केली की मुली शिकल्या असं होत नाही, आणि हे मला माझ्याच शाळकरी दिवसांवरून माहीत आहे.

चौथीपर्यंत मी गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत होते, तिथे मास्तर होते, पाढे म्हणायला लावायचे आणि मुलगी-मुलगा काही बघायचे नाहीत, चुकलं की सगळ्यांना सारखंच ओरडायचे. पाचवीला इंग्लिश मीडियम हायस्कूल, आमच्याकडे बहुतेकांचं तसंच असतं. तिथे सहावीला गणिताला एक टीचर आल्या. प्रेमळ होत्या, आम्हा मुलींवर त्यांचा फार जीव होता, पण फ्रॅक्शन्स शिकवताना हातातला खडू थरथरायचा आणि एखादा मुलगा "टीचर, हे असं कसं?" म्हणाला की त्या पुस्तक उघडून गाइडशी ताडून बघायच्या आणि हसून म्हणायच्या, मला पण गणित कधी आवडलंच नाही बघा. आम्ही मुली त्यांच्या बरोबर हसायचो. आम्हाला वाटायचं टीचर आपल्यातल्याच आहेत. मग आठवीला दुसऱ्या टीचर आल्या, अल्जिब्रा घ्यायच्या, आणि त्यांना कोणी अडवलं तर त्या पुस्तकाकडे न जाता फळ्याकडे वळायच्या, "थांब, कुठे अडतंय ते बघूया," असं म्हणून एक एक ओळ उलटी वर चढत जायच्या आणि चुकीची ओळ सापडली की तिच्याभोवती गोल करायच्या. चूक मुलाची असो की त्यांची स्वतःची, गोल सारखाच. मी गणिताकडे वळले ती त्या गोलामुळे.

दोघीही बायाच होत्या! मग फरक कशाचा होता? तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या मानसशास्त्रज्ञ सियान बाइलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेमकं हेच पकडलं. पहिली-दुसरीच्या सतरा शिक्षिका, सगळ्या बायाच, त्यांना स्वतःला गणिताची किती भीती वाटते ते आधी मोजलं आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांना वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासलं. सुरुवातीला काहीच संबंध दिसला नाही. वर्ष संपता संपता ज्या टीचरला भीती जास्त, तिच्या वर्गातल्या मुलींच्या मनात "गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं" हे जास्त बसलेलं होतं, आणि ज्यांच्या मनात ते बसलं त्या मुलींचेच मार्क कमी झाले होते. मुलग्यांवर परिणाम नाही. सहा-सात वर्षांच्या पोरी! कोणी त्यांना काही सांगितलेलं नाही, त्यांनी बाईंकडे बघून उचललं. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो थरथरणारा खडू आला आणि त्या टीचरांबद्दल वाईट पण वाटलं, कारण त्यांना तरी गणित कोणी नीट शिकवलं होतं? प्राथमिकला शिकवणाऱ्या किती तरी जणी बारावी आर्ट्स करून डीएडला गेलेल्या असतात, गणित दहावीलाच सुटलेलं, आणि मग नोकरी लागली की पहिल्याच दिवशी गणित शिकवायचं. त्यांच्यासाठी मुद्दाम गणिताचं चांगलं ट्रेनिंग ठेवलं पाहिजे हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

म्हणून मला असं ठाम वाटतं की मूल बघत असतं हा विषय कोणाचा आहे. बाई आत्मविश्वासाने शिकवत असली तर मुलीला दिसतं की हा माझा पण आहे, बाई घाबरत शिकवत असली तर तिला बरोबर उलटं दिसतं. आणि सर असले तरी ते कोणाकडे बघून प्रश्न विचारतात यावरून तिला तेच कळतं.

कोणाकडे बघून, हे मी उगाच म्हणत नाही. कुठल्याही नववीच्या वर्गात मागे जाऊन बसा. शिक्षक प्रश्न विचारतात, आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत तीन-चार मुलगे उत्तर ओरडून मोकळे होतात. उत्तर बरोबर असतं असं नाही, पण तास पुढे सरकतो. मेरी बड रो म्हणून अमेरिकेतल्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकून मोजलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद पण धड थांबत नाहीत, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, आणि जी एरवी गप्प असतात ती पण बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, पण वर्गात उभं राहून थांबून बघा, फार मोठे वाटतात.

माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती, आईवडील काजूच्या बागायतीत कामाला, बोलायची नाही, वहीवर डावा हात आडवा ठेवून लिहायची म्हणजे शेजारणीला पण दिसू नये. सर्कल्सचा धडा चालला होता, बाहेरच्या एका पॉइंटवरून काढलेले दोन टॅन्जन्ट (स्पर्शिका) सारख्या लांबीचे असतात हे सिद्ध करायचं होतं. पहिल्या बाकावरच्यांनी नेहमीप्रमाणे आर-एच-एस आर-एच-एस (काटकोन त्रिकोण एकरूप ठरवायची कसोटी) असा गजर सुरू केला. मी म्हटलं आज तोंडाने काही नाही, आधी सगळ्यांनी वहीत लिहा, मी फिरून बघते आणि मग बोलायचं. फिरता फिरता तिच्याजवळ आले तर हाताखालून अर्धी ओळ दिसत होती. तिने ट्रँगल काँग्रुएन्ट करायच्या भानगडीत न पडता सरळ पायथागोरस लावला होता, टॅन्जन्टचा स्क्वेअर म्हणजे तो पॉइंट आणि सेंटर जोडणाऱ्या मधल्या रेषेचा स्क्वेअर वजा रेडियसचा स्क्वेअर, दोन्ही बाजूंना मधली रेषा तीच, रेडियस तोच, झालं. तीन ओळी. मी तिला फळ्यावर लिहायला सांगितलं. ती गेली, पाठ वर्गाकडे ठेवून लिहिलं, आणि मागून एक मुलगा, तोच सगळ्यात मोठ्याने ओरडणारा, म्हणाला, "टीचर, हें सोंपें आसा!" आणि त्याने ते वहीत उतरवून घेतलं. त्यानंतर तिचा हात वहीवरून उठला असं मी म्हणणार नाही, बराच काळ तसाच राहिला, पण तोंडी प्रश्नांना ती उत्तर द्यायला लागली, आणि अकरावीला तिने सायन्स घेतलं.

आता हे मी बाई म्हणून केलं का? मला नाही वाटत. आमच्याकडे फिजिक्सचे एक सर आहेत, ते माझ्याही आधीपासून हे असंच करतात, पाच मिनिटं वहीत, मग बोलणं, आणि त्यांच्या तासाला मुली मोकळेपणाने वाद घालतात. पण एक खरं आहे की त्या मुलीने नंतर येऊन मला विचारलं, टीचर, तुम्ही पुढे गणितच कसं घेतलं, घरून पाठवलं का? असं तिने सरांना विचारलं नसतं. विचारायला तिला समोर कोणीतरी लागते जिच्या आयुष्यात तोच उंबरठा होता. आमच्या वर्गात भिंतीवर आर्यभट आहेत, रामानुजन आहेत, आपल्या गोव्याच्या मातीतले दामोदर कोसंबी आहेत, आणि त्यांच्या शेजारी मी मरियम मिर्झाखानीचा फोटो लावलाय, इराणची, २०१४ मध्ये फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला सगळ्यात मोठ्या मानांपैकी एक, मिळवणारी पहिली बाई. मुली त्या फोटोपाशी थांबून खालची ओळ वाचतात, हे मी कितीदा तरी बघितलंय.

धाकाचं पण बोलायला हवं, कारण आयांचा खरा मुद्दा तोच असतो. सर असले की ऐकतात. पण सरांना जो मान आपोआप मिळतो तो त्यांच्या शिकवण्यामुळेच मिळतो असं धरून चालू नका. २०१५ मध्ये एक प्रयोग छापून आला, ऑनलाइन कोर्स होता, शिकवणाऱ्यांचा चेहरा दिसत नव्हता, एकच व्यक्ती एका गटाला पुरुषाच्या नावाने शिकवत होती आणि दुसऱ्या गटाला बाईच्या. पेपर तपासून परत द्यायची वेळ दोन्हीकडे सारखीच ठेवलेली. वेळेवर काम देण्याबद्दल मुलांनी पुरुषाच्या नावाला पाचपैकी ४.३५ दिले आणि बाईच्या नावाला ३.५५! काम तेच, दिवस तेच. एखाद्या नवीन टीचरचा वर्ग आरडाओरडा करतो तेव्हा हेडमास्तरांनी हे आठवावं असं मला फार वाटतं.

बरं, मुलग्यांचं काय? प्राथमिकला सगळ्या बायाच राहिल्यात, मुलग्यांना आदर्श कोण, असं पण पालक बोलतात आणि ती काळजी खोटी नाही. पण शिकण्यापुरतं बघितलं तर इंग्लंडमध्ये अकरा वर्षांच्या मुलांच्या चारशेहून जास्त वर्गांचा अभ्यास झाला होता, २००८ मध्ये छापला गेला, आणि पुरुष शिक्षक असले म्हणून मुलगे जास्त शिकले असं काही त्यांना आढळलं नाही. उलट इस्रायलमध्ये व्हिक्टर लावी या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की नाव माहीत नसताना तपासलेल्या पेपरात आणि शाळेतल्या शिक्षकांनी दिलेल्या मार्कांत फरक पडतो, आणि त्या ठिकाणी तो मुलग्यांच्या विरुद्ध पडत होता. हे वाचल्यापासून मी इंटर्नल असेसमेंटच्या वह्या कव्हर मागे दुमडून तपासते. बोर्डाच्या पेपरावर सीट नंबर असतो, नाव नसतं, मग आमच्या वह्यांना तो न्याय का नको?

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आहे जिथे बाई असणं हाच सगळा फरक आहे, आणि तिचा गणिताशी काही संबंध नाही. आमच्या आजीच्या वेळी पोर्तुगीज राज्यात मराठी शाळा देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या उतरायच्या जागेत) नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर भरायची, शिकवायला सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून आलेले मास्तर, आणि शहाणी झालेली मुलगी परक्या पुरुषापुढे बसवायची नाही म्हणून आजीचं शिक्षण दुसऱ्या पुस्तकात संपलं. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देताना हेच मागितलं होतं, शिक्षिका तयार करा, मुलींच्या शाळांवर बाया इन्स्पेक्टर नेमा. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, केंद्र सरकारच्या १९८७ च्या ऑपरेशन ब्लॅकबोर्ड या योजनेत, प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन शिक्षक आणि त्यातली एक शक्यतो बाई, असं सरकारी कागदावर आलं. आज गोव्यात मुलगी शाळेत येते का हा प्रश्न राहिलेला नाही, पण पाळीच्या दिवसांत ती घरी राहते का हा आहे. आमच्या स्टाफरूमच्या कपाटात पॅडची पाकिटं असतात, मुली टीचरकडे येऊन हळूच मागतात आणि तासाला परत जाऊन बसतात. ज्या शाळेत त्या मजल्यावर सगळे सरच असतात तिथे मुलगी पोटात दुखतंय म्हणून घरी जाते. महिन्याचा एक दिवस, वर्षाचे किती झाले ते बघा, आणि मग तो धडा कधीच नीट समजत नाही.

आणि मुलं फक्त तासालाच बघतात असं थोडंच आहे? गॅदरिंग आलं की रांगोळी, ओवाळणी, पाहुण्यांना फुलं आणि चहा हे टीचर लोकांकडे, माईक, मांडव, लॅबच्या चाव्या आणि कॉम्प्युटर सरांकडे. कोणी ठरवून केलेलं नसतं, चालत आलेलं आहे. प्रोजेक्टर बंद पडला की वर्गातली मुलगी पण म्हणते, थांबा, सरांना बोलावते. ज्या गोव्याला १९७३ मध्येच शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री म्हणून लाभल्या, तिथल्या शाळेत प्रोजेक्टरची वायर जोडायला सर लागतात हे मला फार खटकतं, आणि गेली काही वर्षं मी आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये हे नेटाने बोलते.

यंदाच्या टाइमटेबलसाठी मी लेखी मागणी दिलीय. गणिताची ए डिव्हिजन आणि सी डिव्हिजन आळीपाळीने सगळ्यांकडे फिरावी. पाचवीची मराठी एका सरांनी घ्यावी, कारण कविता हे बायकांचं काम असं मुलग्यांनी तरी का समजावं, आणि आमचे एक सर फार सुंदर कविता म्हणतात. पाचवी-सहावीचं गणित ज्या टीचरना नको वाटतं त्यांच्याबरोबर मी शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास बसायला तयार आहे, फ्रॅक्शन्सपासून. दोघी जणी हो म्हणाल्यात. सर पण मराठीला तयार आहेत. डिव्हिजनचं मात्र हेडमास्तर म्हणतात पालक ऐकणार नाहीत, त्यावर पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) मीटिंगमध्ये बोलायचं ठरलंय आणि तिथे मी हे सगळे आकडे घेऊन जाणार आहे.